कंट्रोलर काकाजींची पाटी

कंट्रोलर काकाजी वर्षातून दोनदा माझ्या दुकानात येऊन स्वतःच्या तेरवीची पत्रिका दुरुस्त करून जायचे. एकदा होळीच्या आसपास आणि एकदा पोळा झाल्यावर. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री. बाकड्यावर बसून चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "काढ ऑपरेटर, गाडी काढ बाहेर." मी कॉम्प्युटरवर त्यांची फाइल उघडायचो. वर त्यांचं नाव, नावाआधी 'कैलासवासी', खाली शोकाकुल नातेवाइकांची उतरंड, आणि मधल्या ओळीत कोरी जागा: 'यांचे दिनांक ........ रोज ........ ला दुःखद निधन झाले.' काकाजी आपलं निधन वरून खालपर्यंत वाचायचे, एखादी वेलांटी सुधारायला लावायचे आणि समाधानानं मान हलवायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा कीबोर्डवर सांडला होता. पुढं सवय झाली. माणूस कशालाही सरावतो, आणि सरावला की खोड्या करायला मोकळा होतो. मी तर जन्मापासूनच मोकळा होतो.

आमच्या अर्जुनीच्या स्टँडवर काकाजी वाहतूक नियंत्रक होते. गावाच्या तोंडी 'कंट्रोलर'. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो हुद्दा त्यांच्या अंगावरून उतरला नव्हता. माणसांनाही ते हुद्द्यानंच हाक मारायचे. दुकानाच्या फलकावर मी स्वतःला प्रोप्रायटर म्हणवून घेतलं होतं. काकाजींनी फलक वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढं कायम 'ऑपरेटर'च म्हटलं. त्यांच्या काळात म्हणे पाटी लागल्याशिवाय गाडी फलाटावरून हलत नसे. ड्रायव्हर बसलेला असो, कंडक्टरनं घंटी मारलेली असो, समोर गावाच्या नावाची पाटी नाही तर काकाजी गाडीसमोर उभे. "पाटी लावा, मंग जा. लोकायले कळलं पायजे कोन कोठी जाऊन राहिलं."

पत्रिकेचं खूळ त्याच नियमातून आलं होतं. त्यांचे थोरले भाऊ वारले तेव्हा घाईघाईत छापलेल्या पत्रिकेत एका जावयाचं नाव राहून गेलं. जावई तेरवीला आले, मांडवाच्या दारात पत्रिका वाचली आणि पाटावर न बसता परत गेले. ती गाठ पुढं सुटली नाही. काकाजी म्हणाले, "दादाची गाडी पाटीशिवाय सुटली. माझी नाई सुटनार." आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या बाकड्यावर येऊन बसले. तारखेची जागा कोरी सोडायलाही त्यांनीच सांगितलं. स्टँडवर गावांची नावं रंगानं रंगवलेली असत, वेळ मात्र खडूनं लिहिलेली. "नाव रंगानं, वेळ खडूनं," ते म्हणायचे. तेव्हा मला ती नुसती शिस्त वाटली होती.

दुरुस्त्या कशाच्या, तर चढ-उतारांच्या. शोकाकुलांच्या यादीतले लोक त्यांच्या लेखी प्रवासी होते. केशोरीचा चुलतभाऊ शेताच्या हद्दीचा धुरा, म्हणजे बांध, हळूहळू सरकवतो असं कळलं की, "याले उतरव." पुढच्या खेपेला, "चढव बापा, पाय मोडला त्याचा." साळ्याला पुढची सीट, साडभावाला मागची. एका भाच्यानं लग्नात मानाचा शेला दिला नाही म्हणून तो दोन वर्षं फलाटावरच उभा होता. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या दुकानावरून जाताना त्यांचे नातेवाईक आत डोकावून हळूच विचारायचे, "मी हावो ना गा आत?" जिवंत माणसाच्या मरणात आपली जागा आहे की नाही याची एवढी काळजी मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता माझ्या धंद्याविषयी थोडं, कारण घात तिथंच झाला. पत्रिका करणारा कोणीही नवी फाइल उघडत नाही. जुनी उघडायची, नावं बदलायची, छापायची. लग्नाच्या लग्नावर, तेरवीच्या तेरवीवर. माझ्याकडे दोन फोल्डर होते, 'लग्न' आणि 'तेरवी'. एकदा एक वधूपिता माझ्या खांद्यावरून पडद्याकडं पाहत बसले होते. त्यांना 'लग्न'च्या शेजारी 'तेरवी' दिसली. मजकुराचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि शेजारच्या दुकानात गेले. तेव्हापासून मी शहाणपणा केला. तेरवीचं फोल्डर तेच ठेवलं, नाव बदलून 'फालतू' केलं. गावातले सगळे मृतात्मे, आणि त्यांच्यात बसलेले एक जिवंत काकाजी, 'फालतू'मध्ये सुखानं नांदू लागले.

दुसरा शहाणपणा असा. एका होळीला काकाजी दुरुस्त्या करून गेले आणि दुपारी मला काम नव्हतं. मनात आलं, ती कोरी जागा पुरेल का? उद्या खरीच लांबलचक तारीख निघाली तर ओळ तुटून 'निधन झाले' खाली घसरेल. म्हणून सुचेल ती लांब तारीख टाकून पाहिली: अठ्ठावीस सप्टेंबर, रोज गुरुवारला. चालू वर्ष टाकणं बरं दिसेना म्हणून पुढचं टाकलं. माझ्या मते ही माझी सभ्यता होती. ओळ बरोबर बसली. फारच बरोबर बसली. मी फाइल सेव्ह केली, मग ती ओळ पुन्हा वाचली, मग तारीख पुसून पुन्हा सेव्ह केली, आणि चहा प्यायला गेलो.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात कॉम्प्युटर भरत आला. पडदा सारखा जागा नाही, जागा नाही म्हणून ओरडायचा. मी साफसफाईला बसलो. गाणी काढवत नव्हती. मग दिसलं 'फालतू'. आपणच ठेवलेलं नाव आपणच विसरणारा माणूस दुसऱ्या कुठल्या धंद्यात टिकला असता कोण जाणे. फालतू तर फालतू, कचराकुंडीतही कशाला पडून राहायचं, म्हणून शिफ्टचं बटण दाबून डिलीट केलं. एका क्षणात सगळं गाव गेलं. त्यानंतर एका गृहस्थाच्या आईची पत्रिका करायला फोल्डर शोधलं, तेव्हा कळलं मी काय पुसलं होतं.

गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण एका मित्राकडून पुसलेल्या फाइली परत आणणारी सीडी मिळवली आणि ती त्याच कॉम्प्युटरमध्ये घातली, त्याच डिस्कवर बसवली, आणि वर दोनदा चालवून पाहिली. काहीच आलं नाही. आणि त्याच संध्याकाळी, पोळा होऊन गेला होता, छत्री काखेत धरून कंट्रोलर काकाजी दारात.

"काढ गाडी."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. बंद पडद्याकडं बोट करून म्हणाले, "म्हंजे मी डेपोत नाई?"

"नाही, काकाजी. नव्यानं करून देतो. तुम्ही नावं सांगा."

"कोन चढला, कोन उतरला, कोनाच्या मागं कोन... मले याद हाये का आता? पाच वर्सांची घडी हाये ते." त्यांनी छत्री जमिनीवर टेकवली. "परत आन."

गोंदियात असल्या कामाचा एक माणूस होता, तांदळाच्या बाजारामागच्या गल्लीत. लोक त्याला भैयाजी म्हणत. सीपीयू चादरीत गुंडाळून मी रेल्वेनं निघणार होतो, पण काकाजी बरोबर येतो म्हणाले, आणि जन्मभर एसटीत काढलेला माणूस रेल्वेत बसणं शक्य नव्हतं. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून वळून, गोरेगावमार्गे, खड्डे मोजत आम्ही गेलो. पूर्ण वाटेत सीपीयू त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरला होता. कंडक्टरनं विचारलं, "काय जी, काय हाय यात?" काकाजी म्हणाले, "मी हावो." कंडक्टरनं आमचं तिकीट फाडलं आणि पुन्हा आमच्याकडं फिरकला नाही.

भैयाजीच्या दुकानात उघडलेले सांगाडेच सांगाडे होते. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. "मिटने के बाद इसमें कुछ डाला तो नहीं?"

"एक सॉफ्टवेअर डाला."

"इसी में?"

"इसी में."

त्यानं कपाळाला हात लावला. "देखो भाई, मिटाया मतलब मिटा नहीं होता. मशीन बस इतना बोलती है कि जगह खाली है. जब तक वहाँ कोई दूसरा आके नहीं बैठता, तब तक वो वहीं पड़ा है. तुमने उसके ऊपर खाट डाल दी. और नाम-वाम नहीं आएगा, पहले बोल देता हूँ. आदमी मिलेगा, नाम नहीं मिलेगा."

काकाजी स्टुलावर ताठ बसले. "जगा खाली हाये म्हनते," ते माझ्या कानाशी म्हणाले, "पन मानूस अठीच."

दुपारभर मशीन घरघरत होतं. मग एकेक फाइल वर यायला लागली. खरंच नावं नव्हती, नुसते आकडे. उघडावी तर कोणाच्या लग्नाच्या पत्रिकेत अर्ध्यावरून दुसऱ्याचं दुःखद निधन सुरू झालेलं. एका चिमुकल्याच्या नामकरणाच्या खाली शोकाकुल म्हणून पाऊण गाव. भैयाजीनं एक उघडली, थांबला, आणि पडदा हळूच आमच्याकडं वळवला. "अंकल, ये आप हैं क्या?"

काकाजींची पत्रिका अख्खी आली होती. एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. कैलासवासी, गेल्या वर्षीच्या होळीपर्यंत चढलेले, उतरलेले, सगळे जागच्या जागी. आणि मधल्या ओळीत स्वच्छ, ठळक: दिनांक अठ्ठावीस सप्टेंबर, रोज गुरुवारला.

तेव्हा भिंतीवर ऑगस्ट लागलेला होता. काकाजी उठले, स्वतःच्या हातानं कॅलेंडरचं पान वर केलं. अठ्ठावीस तारीख गुरुवारीच होती. मी वार डोळे झाकून टाकला होता.

"पाटी लागली की गा," काकाजी म्हणाले.

मी तिथंच सगळं कबूल केलं. उशीर केला नाही, लपवलं नाही. ओळीत बसते का पाहायला मीच टाकली, मीच पुसली, जुनी प्रत कॉम्प्युटर आपोआप मागं ठेवतो, तीच नेमकी आली. मी हात जोडून बोलत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुनं टाकली?"

"हो."

"तुनंच पुसली?"

"हो ना काकाजी."

"मंग परत कोनं आनली?"

मी भैयाजीकडं पाहिलं. भैयाजीनं दोन्ही हात वर केले. "मैं कुछ नहीं लाता, अंकल. जो है, वही आता है."

येताना गाडीत ते एकदाच बोलले. नवेगावबांधचं तळं मागं पडल्यावर म्हणाले, "कोरीवाली काऊन नाई आली?" त्याचं उत्तर मला भैयाजीनं निघताना हळूच सांगितलं होतं: कोऱ्या तारखेची पत्रिका जिथं होती, नेमका तिथंच माझा सीडीवाला शहाणपणा जाऊन बसला होता. हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

पुढचा महिना कसा गेला ते माझं मला माहीत. काकाजींनी पत्रिकेला हात लावू दिला नाही. लागलेली पाटी मधेच उतरवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते आवराआवर करू लागले. केशोरीला जाऊन चुलतभावाच्या धुऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, सरकव किती सरकवायचा ते, मी आता पाहणार नाही. चुलतभावानं घाबरून धुरा उलट आपल्याच धानाच्या बांधीत सरकवला. प्रतापगडला गेले, आधी वर महादेवाला, उतरताना दर्ग्याला, आणि मलाही ओढत नेलं. "तुनं लावली ना पाटी, मंग संगं ऱ्हा." पायऱ्यांवर त्यांना धाप लागली की मी हात पसरून त्यांच्यामागं उभा राहायचो. ते थांबायचे, माझ्याकडं पाहायचे आणि म्हणायचे, "भेऊ नोको. टायम नाई झाला अजून." यात दिलासा कुणाला होता हे मला कळत नसे. पितृपक्षात तर हद्द झाली. घासाचं पान ठेवलं की कावळा तत्काळ यायचा, आणि काकाजी ओटीवरून म्हणायचे, "पाय, ओळख करून ठेवून राहिलो."

खरी भानगड वेगळीच होती, आणि ती मला काकीजींकडून कळली. त्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी कुणाशी वर आवाज न केलेली बाई. "बापू, त्यायनं गोया बंद केल्या."

काकाजींना रक्तदाबाची गोळी होती, रोजची, चुकवायची नाही अशी डॉक्टरांची ताकीद असलेली. आणि त्यांचं म्हणणं असं की सुटायला निघालेल्या गाडीला कोणी नवा टायर टाकत नाही.

"तुह्या तारखेनं नाई मरनार ते," काकीजी म्हणाल्या. "तुह्या तारखेपायी मरतीन. समजलं का? तारीख काढ."

"काढली असती जी. ते हात लावू देत नाहीत."

"मंग त्या गोंदियावाल्याले सांग ना, कोरी आन म्हना. कोरी पायली का मानतीन ते."

तेव्हा मला सीडीचं सांगावं लागलं. कोरी आता कुणालाच आणता येणार नव्हती, तिच्यावर मी बसलो होतो. काकीजींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी आजही सांभाळून आहे. मग त्या म्हणाल्या, "बरं. माह्या पद्धतीनं करतो मी." आणि त्या दिवसापासून त्यांनी गोळी कुटून चुपचाप भाजीत घालायला सुरुवात केली. पण काकाजी जेवायचे कधी, तर कधी नाही. भूक त्यांनी जवळजवळ सोडलीच होती. काकीजी रोज शेजारच्या बाईकडून मला निरोप पाठवायच्या, आज अर्धी पोटात गेली, आज वाटीतच राहिली. दुकानात बसून मी तेवढ्या एका निरोपाची वाट पाहायचो.

गावाला काय, विषय मिळाला. माझ्याकडं लग्नाच्या पत्रिका यायच्या बंद झाल्या. याच्या हातची तारीख फिरत नाही, असं लोक म्हणायला लागले. खरं तर मुहूर्ताच्या धंद्यात ही जाहिरात उत्तम होती, पण कुणाला तसं वाटलं नाही. काकाजींच्या एका पुतण्यानं बोटांवर हिशेब करून सांगितलं, "तेरवी हलक्या धानाच्या कापनीत येते गा. मजूर कोठून आनाचे?" आणि एक गृहस्थ, नाव सांगत नाही, दुपारच्या शुकशुकाटात आत आले, इकडंतिकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्याची टाकून देशीन का, एखादी?" मी हसलो. ते हसले नाहीत.

तो गुरुवार नवरात्रात आला. सकाळी मी शटर उचललं तेव्हा काकाजी आधीच पायरीवर बसलेले. अंगात खाकी गणवेश. इस्त्री केलेला, आता खांद्यावर सैल झालेला. खिशात शिट्टी. चेहरा उतरून इतकासा झाला होता आणि ओठांना रंग नव्हता.

"काकाजी, घरी..."

"गाडी जेथून लागते तेथूनच सुटते," ते म्हणाले आणि आत येऊन बाकड्यावर बसले.

मी कॉम्प्युटर सुरू केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. त्यांनी पत्रिका उघडून ठेवायला सांगितली. ती पडद्यावर, ते बाकड्यावर, आणि मी मधे. बाहेर माणसं जमत होती, पानठेल्यापाशी उभी राहून आत पाहत होती, पण उंबऱ्यावर कोणी चढत नव्हतं. चौकातल्या देवीच्या मांडवात भोंगा लागला होता, तोही कुणीतरी बारीक केला. काकाजी अधूनमधून विचारायचे, कोणती गेली? मी आवाजावरून सांगायचो, वडसा गेली, साकोली गेली. ते मान हलवायचे. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. पाणीसुद्धा नको म्हणाले.

तीनच्या सुमाराला भारनियमन सुरू झालं. पंखा थांबला. यूपीएस थांबून थांबून बारीक आवाजात ओरडायला लागला. त्या आवाजाशिवाय दुकानात काही नव्हतं. पत्रिकेचा उजेड काकाजींच्या तोंडावर पडला होता. मग यूपीएस दमला, पडदा विझला, आणि आतल्या अंधुक उजेडात मला दिसलं की काकाजींची मान छातीवर पडली आहे.

मी त्यांना हाक मारली. मान वर झाली नाही. काकीजी केव्हा आत आल्या मला कळलंही नाही. पदर खोचलेला, हातात पितळी गडू. त्या सरळ त्यांच्यापाशी गेल्या, वाकल्या, आणि उपडा हात त्यांच्या नाकाशी धरला. किती वेळ धरला कोण जाणे. बाहेरची माणसं एकमेकांच्या खांद्यावरून पाहत होती.

"झोपले हायेत," काकीजी म्हणाल्या, आणि त्यांच्याशेजारी बाकड्यावर बसून राहिल्या. मी खाली फरशीवर बसलो.

लाइट आली, पंखा फिरायला लागला, तसे काकाजी जागे झाले. डोळे चोळून बाहेर पाहिलं. उन्हं कलली होती. स्टँडवरून एक लांब हॉर्न आला.

"कोनती गेली?"

"केशोरीची मुक्कामी," मी म्हणालो.

"मुक्कामी गेली?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग काकीजींकडं, मग स्वतःच्या हातांकडं. मुक्कामी गाडी गेली की स्टँडचा दिवस संपतो, हे त्यांचंच शास्त्र होतं. मग ते हळूहळू उठले, गणवेश खाली ओढून नीट केला, आणि भिंतीकडं तोंड करून, जशी स्टँडवर द्यायचे तशी, खणखणीत आवाजात सूचना दिली: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी उशिराने धावत आहे. येण्याची निश्चित वेळ सांगता येत नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

पानठेल्यापाशी कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

काकीजी हसल्या नाहीत. त्यांनी पदराच्या गाठीतून गोळी काढली, गडू पुढं केला. काकाजींनी गोळी घेतली, गिळली आणि म्हणाले, "भाजीपेक्षा पान्यासंगं बरी लागते."

"मालूम होतं तुमाले?"

"कडू भाजी केली का तू कधी?"

मग ते माझ्याकडं वळले. "ऑपरेटर, चालू कर." मी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, पत्रिका उघडली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ शेवटची वाचली. "नाव रंगानं, वेळ खडूनं. सांगतलं होतं का नाई? तुनं वेळ रंगानं लिवली, तेथं चुकला. रंगाचं कसं असते, पुसलं तरी खालून दिसते. आता पूस, मी पाऊन राहिलो." मी पुसली. "दाब." मी सेव्ह केलं. "आनि छापाची पाळी आली तरी कोरीच छापजो. तारीख पेननं भरजो, हातानं, एकेक. समजलं?"

पुढं किती वर्षं ते उशिरानं धावले! वर्षातून दोनदा येत राहिले, चढव-उतरव करत राहिले. फक्त आल्यावर पहिलं वाक्य बदललं. आधी विचारायचे, "फोल्डराचं नाव काय ठेवलं?" मी सांगायचो, "काकाजी, 'स्टँड'." मग बसायचे. एकदा म्हणाले, "तुलेही घे. सगळ्यात शेवटी, कंडक्टरच्या सीटवर." मी शोकाकुलांच्या शेवटी माझं नाव टाकलं.

गेले तेव्हा ना गुरुवार होता, ना सप्टेंबर. धानाची मळणी होऊन गेली होती. सकाळी चहा पिऊन अंगणात खुर्चीवर बसले आणि तसेच राहिले. मुलगा दुकानात आला. मी फाइल उघडली. बदलायचं काही नव्हतंच. कोऱ्या जागेसकट पत्रिका छापल्या आणि त्यांच्या ओटीवर काकीजी, मुलगा आणि मी तारीख भरायला बसलो. मी पहिली पत्रिका ओढली, पेन टेकवलं आणि लिहून मोकळा झालो: अठ्ठावीस सप्टेंबर. हातानंच लिहिलं. या वेळी तर ओळीत बसते का तेही पाहायचं नव्हतं. काकीजींनी ती पत्रिका माझ्यापुढून उचलली, वाचली, घडी घातली आणि कमरेला खोचली. "असू दे," म्हणाल्या. "हे वाली गाडी रद्द झाली होती."

आता माझ्याकडं तिसरा कॉम्प्युटर आहे. 'स्टँड' फोल्डर प्रत्येक नव्या मशीनवर सर्वांत आधी चढतं. आणि आमचा धंदा तोच, जुनी फाइल उघडायची आणि नावं बदलायची. काकाजींची पत्रिका इतकी घोटून घोटून नेमकी झाली होती, की अर्जुनीत कोणीही गेलं तरी मी तीच उघडतो. त्यांचं नाव काढून दुसऱ्याचं टाकतो, त्यांचे प्रवासी उतरवून दुसऱ्यांचे चढवतो. तारखेची जागा कोरी राहते आणि घरचे लोक ती पेननं भरतात. आमच्याकडं आता ती रीतच पडली आहे, कुणी का म्हणून विचारत नाही. एवढ्या वर्षांत गावातला प्रत्येक माणूस काकाजींच्या पाटीखालूनच गेला.

एक दिवस कोणीतरी हीच फाइल उघडेल आणि शेवटच्या ओळीतलं कंडक्टरच्या सीटवरचं नाव उचलून वर नेऊन ठेवेल. तेव्हा मी काही सांगायला नसेन, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. त्या जागेत लांब तारीख बसते. मी पाहिलेलं आहे. त्यानं पुन्हा टाकून पाहू नये.